बर्नरची ज्योत काजळीची की स्वच्छ, हे कसे ओळखावे

खानदेशात कापसाच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजताना धूर आणि काळी राख यांचे काही वाटत नाही. पण प्रयोगशाळेत चंचुपात्राच्या बुडाला काजळी धरली, तर उष्णता नीट पोचत नाही आणि वजनही चुकते. बन्सन बर्नरच्या नळीवरील कडे फिरवून हवेचे छिद्र बंद केले, की वायूला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही, न जळलेले कार्बनचे सूक्ष्म कण तापून चमकतात आणि ज्योत पिवळी, मऊ व हलती दिसते. छिद्र उघडले की ती निळी होते, किंचित घोंघावते आणि आतल्या निळ्या शंकूच्या टोकाच्या लगेच वर सर्वांत तप्त असते.

मात्र प्रत्येक पिवळेपणा काजळीचा नसतो. मिठाचा कण किंवा धूळ ज्योतीत गेली तरी त्यातल्या सोडियममुळे ज्योत पिवळी होते. अशा वेळी चिमट्याने पांढरी चिनी मातीची बशी क्षणभर ज्योतीत धरावी: काळा डाग उमटला तर काजळी, बशी पांढरी राहिली तर सोडियम.

जळगाव-धुळ्याच्या भर उन्हात खिडकीजवळ निळी ज्योत जवळजवळ दिसतच नाही, म्हणून काम थांबवताना, बर्नर बंद करायचा नसल्यास, छिद्र बंद करून ज्योत पिवळी करावी. ज्योत नळीत शिरून तळाशी जळू लागल्यास आधी वायूचा नळ बंद करावा. नळी तापलेली असते, तिला हात लावू नये. ती पूर्ण निवल्यावर छिद्र बंद ठेवूनच बर्नर पुन्हा पेटवावा.