कंपवातात (पार्किन्सनमध्ये) रात्री पाय शिवशिवतात, तेव्हा आधी घड्याळ बघा

'रात्री पाय स्वस्थ बसू देत नाहीत, झोप नाही' एवढ्यावर झोपेची गोळी मागू नका. या एका वाक्याखाली तीन-चार वेगळे त्रास असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, आडवं पडलं की वाढतं, उठून चाललं की थांबतं, रात्री जास्त: ही खरी शिवशिव. अंग ताठ होतं, कूस बदलता येत नाही, कंप वाढतो आणि लेव्होडोपाची (मेंदूत डोपामिन बनणारं कंपवाताचं मुख्य औषध) पुढची गोळी लागू पडली की सुटतं, तर तो आधीच्या गोळीचा असर उतरल्याचा त्रास. पहाटे पायाची बोटं आत वळून तळवा पिळवटतो, दुखतं, तेही बहुधा त्यातलंच. झोपेत लाथा, ओरडणं हे आणखी वेगळं. रुग्णाला त्याचा पत्ता नसतो, म्हणून शेजारी झोपणाऱ्याला विचारा.

सात रात्री एका वहीत लिहा: शेवटची गोळी किती वाजता, त्रास किती वाजता, चालल्यावर थांबला का, लघवीला किती वेळा उठलात. पाय वळत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या. न्यूरॉलॉजिस्टला दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा याचा उपयोग जास्त. असर उतरत असेल तर ते रात्रीसाठी हळूहळू सुटणारी गोळी देऊ शकतात.

शिवशिव असेल तर रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, तपासून घ्या. हिमोग्लोबिन चांगलं असूनही ते कमी असू शकतं. लॅबच्या कागदावर ३० हा आकडा 'नॉर्मल' छापलेला असतो, पण या त्रासात ७५ किंवा त्याखाली असेल तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. ताप किंवा संसर्ग असताना तपासू नका, आकडा खोटा वाढतो. आणि इथेच घरोघरी गफलत होते: लोहाची गोळी लेव्होडोपासोबत घेतली की दोन्ही पोटात एकमेकांना धरून बसतात, लेव्होडोपा नीट शोषलं जात नाही, आणि घरचे म्हणतात 'आजार वाढला'. दोन्हींत किमान दोन तास ठेवा. लोह चहा-दुधाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर चालेल. बद्धकोष्ठ वाढू शकतं, तेही डॉक्टरांना सांगून ठेवा.

मग औषधांची पिशवी रिकामी करा. उलटीसाठीची मेटोक्लोप्रमाइड (पेरिनॉर्म) आणि चक्करेसाठीची प्रोक्लोरपेराझिन (स्टेमेटिल) मेंदूतल्या डोपामिनचीच वाट अडवतात. कंपवातात त्या टाळायच्याच. सर्दी-खाजेच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ एव्हिल, शिवशिव वाढवतात. काही नैराश्यावरच्या गोळ्याही वाढवतात, पण त्या स्वतःहून बंद करू नका. अमँटाडिन किंवा सेलेजिलिन ही कंपवातावरचीच गोळी संध्याकाळी घेत असाल तर झोप त्यानेच उडत असेल. ती दुपारपर्यंत संपवता येईल का, विचारा.

रात्री लेव्होडोपाची जादा गोळी घेतली की शिवशिव थांबते, हे खरं. पण असं काही महिने चाललं की ती नवाऐवजी संध्याकाळी पाचलाच सुरू होते, हातांतही येते. तेव्हा गोळी वाढवायची नसते. एकदम बंदही करायची नाही. लेव्होडोपा अचानक थांबवणं धोक्याचं आहे. डॉक्टरांना ही वेळेची सरक सांगा.

घरी करण्यासारखं: दुपारनंतर चहा-कॉफी बंद, संध्याकाळी पंधरा मिनिटं चालणं, झोपण्याआधी कोमट पाण्यात पाय आणि पोटऱ्यांना मालिश. कूस बदलता येत नसेल तर खांद्यापासून मांड्यांपर्यंत सॅटिनचं कापड अंथरा. पायाकडे नेहमीची सुती चादरच हवी, नाहीतर टाचा रुतत नाहीत आणि माणूस खाली घसरतो. लाथा मारणाऱ्याजवळून काचेचा तांब्या आणि टोकदार टेबल हलवा, खाली गादी टाका. रात्री उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसूनच उभं राहा, कारण रक्तदाब एकदम उतरतो आणि बाथरूमच्या वाटेवरच माणूस पडतो. त्या वाटेवर लहान दिवा रात्रभर सुरू ठेवा.