सोयाबीन काढायच्या आधी ट्रॉलीखाली एकदा वाका

मागच्या साली मळणी करून सोयाबीन रानातून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर वाटेवर सांडलेले दाणे टिपत होल्यांची रांग. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याच्या, म्हणजे उघडत्या दाराच्या, कडेला बोटभर फट होती, ती उसाच्या खेपांत कधी जाणवलीच नव्हती. कोल्हापूरच्या करवीर, हातकणंगले, शिरोळ भागात ट्रॉली घेतली जाते ती उसाच्या हिशोबाने, आणि दाणा भरायची वेळ आली की फटीत गोणपाट कोंबलं जातं. हादऱ्यानं ते पहिल्या ओघळीलाच निसटतं.

म्हणून सप्टेंबरातच, काढणीच्या आधी, ट्रॉली उन्हात उभी करून खाली वाका. जिथून उजेड दिसेल तिथून दाणा गळणार. पत्रा कुजला असेल तर तुकडा वेल्डिंग करून घ्या. फाळक्याच्या कडेला जुन्या ट्यूबची रबरी पट्टी बोल्टनं बसवली की ती वर्षभर टिकते. पावसाळ्यात याच ट्रॉलीतून युरिया-पोटॅश आणलेलं असतं आणि पत्रा खातं ते खतच. हौदा, म्हणजे माल भरायची पेटी, धुऊन, वाळवून, गंज खरवडून रेड ऑक्साईडचा गंजरोधक रंग मारा.

नवी घेणाऱ्यांनी 'किती टनाची' विचारण्याआधी हौद्याचं माप घ्यावं. १० फूट लांब, ६ फूट रुंद, २ फूट उंच म्हणजे १२० घनफूट. एका घनफुटात सोयाबीन साधारण २० किलो आणि भात १६ किलो बसतं. म्हणजे काठोकाठ भरल्यावर सोयाबीन २४ क्विंटलच्या आसपास, भात १९ क्विंटल. त्याच मापात ओली माती किंवा वाळू भरली की वजन दुपटीच्याही वर जातं. पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, मोडतात ते अशा खेपांत. दाण्यानं सहसा मोडत नाहीत.

दोन चाकी की चार चाकी? दोन चाकी ट्रॉलीचा थोडा भार ट्रॅक्टरला जोडायच्या हुकावर येतो, त्यामुळे ट्रॅक्टरची मागची चाकं चिखलात पकड धरतात. परतीचा पाऊस पडून गेलेल्या काळ्या रानातून माल बाहेर काढायचा तर तीच बरी. पण माल सगळा मागं ढकलून भरलात तर हूक वर उचलला जातो आणि पकड जाते. फार पुढं रचलात तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंग ऐकत नाही. चार चाकी रस्त्यावर निवांत चालते, मागं घेताना मात्र घाम फोडते.

हॉपर ट्रॉलीचीही चौकशी होते. तळाला उतार, खाली दार. दार उघडलं की दाणा आपोआप ओततो. कंबाइन यंत्रानं काढलेलं भात सुटं वाहणाऱ्यांना किंवा गटानं भाड्यानं चालवणाऱ्यांना ती परवडेल. उतार मात्र ४५ अंशांपेक्षा कमी नको, ओलसर भात अडकून बसतं. आणि अडकलं म्हणून वर चढून पायानं ढकलू नका, दाणा सरकू लागला की माणूस आत ओढला जातो. पोत्यात भरणाऱ्या आपल्यासारख्यांना जॅकनं हौदा उचलणारी डंपिंग ट्रॉली आणि फाळक्यात सरकत्या झडपेची एक खिडकी, एवढं पुरे. बियाण्याचं सोयाबीन असेल तर उंचावरून ओतू नका. त्याचं साल पातळ, आपटलं की उगवण जाते.

आता देखभाल. प्रत्येक चाक जॅकवर उचलून फिरवा, वरखाली हलवून बघा. खुळखुळलं तर बेअरिंग उघडा, जुनं ग्रीस काढून नवं भरा. पाटे धरून ठेवणारे यू-बोल्ट आणि चाकाचे नट आवळा, पहिली भरलेली खेप झाल्यावर पुन्हा आवळा. हुकाची पिन झिजून बारीक झाली असेल तर बदला. तिच्या जागी सळई घालून चालवणारे बहाद्दर गावोगाव आहेत, त्यांच्या मागून गाडी चालवू नये. ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक तेल बघताना हौदा खाली टेकलेला हवा, नाहीतर तेल हौदा उचलणाऱ्या जॅकमध्ये असतं आणि पातळी खोटी दिसते. जॅकच्या पाइपाचं तोंड पुसूनच जोडा, माती गेली तर ती थेट ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये जाते. उचललेल्या हौद्याखाली हात घालायचा तर आधी भक्कम टेकू द्या. वर विजेच्या तारा आहेत का, तेही बघा.

आजरा, चंदगड, गगनबावड्याच्या उतारांवर ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये खाली या. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो, म्हणून ट्रॅक्टरची डाव्या-उजव्या चाकाची दोन्ही ब्रेक पेडलं रस्त्यावर एकत्र जोडलेली हवीत.

ताडपत्री बरोबर ठेवा, पण ओला माल रात्रभर तिच्याखाली ठेवू नका. सकाळी हात घातलात तर आत गरम लागेल. रात्र काढायचीच असेल तर खळ्यावर पातळ पसरा. सोयाबीन १२ टक्के ओलाव्यावर येऊ द्या, मग पोती शिवा. नोव्हेंबरात ट्रॉली उसाला जुंपली की तिला मार्चपर्यंत उसंत नसते, तेव्हा मागचे रिफ्लेक्टरही याच फेरीत लावून घ्या.