वेग आणि त्वरण: या चुका टाळा

पुणे-मुंबई द्रुतगती महामार्गावर सरळ पट्ट्यात ताशी १०० किलोमीटरने एकसारखी धावणारी गाडी आणि स्वारगेटच्या सिग्नलवरून नुकतीच सुटलेली स्कूटर. त्वरण कुणाचं जास्त? बरीच मुलं पटकन गाडीचं नाव घेतात. गाडीचं त्वरण शून्य आहे. स्कूटर २ सेकंदांत शून्यावरून ५ मीटर प्रतिसेकंदावर पोचली असेल, तर तिचं सरासरी त्वरण २.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग. वेग किती आहे ते त्वरण सांगतच नाही. तो किती झपाट्याने बदलतोय, तेवढंच सांगतं.

सगळ्यात चिवट चूक उभ्या फेकलेल्या चेंडूची. १९.६ मीटर प्रतिसेकंद वेगाने वर फेकला, तर हवेचा विरोध सोडून एका सेकंदाने वेग ९.८, दोन सेकंदांनी शून्य आणि तिसऱ्याला उणे ९.८. माथ्यावर वेग शून्य म्हणून त्वरणही शून्य लिहिलं जातं. तसं असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता! प्रत्येक सेकंदाला वेग ९.८ नेच घटतोय, माथ्यावरसुद्धा. त्वरण पूर्ण वेळ तेच, खालच्या दिशेने.

उणे त्वरण म्हणजे गाडी मंदावणारच, हेही खरं नाही. पुणे मेट्रोच्या मार्गावर वनाजकडून रामवाडीकडची दिशा धन धरा. आता रामवाडीहून वनाजकडे निघालेली मेट्रो वेग घेतेय: वेग ऋण, त्वरणही ऋण, आणि गाडी मात्र जोरात. दोघांची चिन्हं सारखी असतील तर चाल (दिशा सोडून वेगाचा नुसता आकडा) वाढते, विरुद्ध असतील तर घटते. म्हणून गणिताला हात घालण्याआधी कागदावर बाण काढून धन दिशा ठरवा. घाईत हेच राहून जातं आणि पुढचं सगळं चुकतं.

कात्रज घाटातल्या वळणावर काटा ताशी ३६ वर स्थिर असला, तरी त्वरण असतं, कारण दिशा बदलतेय आणि वेगात दिशाही येते. ३६ ला ३.६ ने भागून आधी १० मीटर प्रतिसेकंद करा (हे विसरू नका). वळणाची त्रिज्या ५० मीटर असेल, तर १० चा वर्ग भागिले ५०, म्हणजे २ मीटर प्रतिसेकंद वर्ग, वळणाच्या केंद्राकडे.

आणि v = u + at (u सुरुवातीचा वेग, v शेवटचा, a त्वरण, t वेळ) हे सूत्र फक्त त्वरण स्थिर असताना चालतं. लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत अडखळत जाणाऱ्या बसला ते लावू नका. तिथे वेग-काल आलेख काढा आणि त्वरणासाठी रेषेची उंची नव्हे, तिचा चढ मोजा.