विटांच्या भिंतीवर स्वयंपाकघरातील कपाटे: गिट्टी, स्क्रू की फास्टनर?

ओट्यावरची कपाटे करून घेताना प्लाय कोणता आणि लॅमिनेट कोणत्या रंगाचे यावर घरात चार-चार दिवस चर्चा होते. ती कपाटे ज्या मोजक्या स्क्रूंवर लटकणार, ते मात्र सुताराच्या डब्यातून हाताला लागतील ते निघतात. वास्तविक ही निवड भिंत पाहून करायची असते.

त्यासाठी कपाटामागे झाकल्या जाणाऱ्या जागी ड्रिलच्या ६ मिमी बिटाने एक भोक पाडून बाहेर येणाऱ्या पुडीकडे लक्ष ठेवावे. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या रेषेत मात्र भोक पाडू नये, कारण वायरींची आणि पाण्याची नळी बहुधा तेथूनच गेलेली असते. आधी येणारी करडी पूड गिलाव्याची असते. साधारण १२ ते २० मिमीनंतर ती लाल झाली की बिट विटेत शिरले. करडीच पूड येत राहिली आणि बिट सहज आत जात असेल तर विटांमधला सांधा लागला आहे, तेव्हा जागा थोडी सरकवावी. बिट पुढे सरकतच नसेल तर तेथे काँक्रीटचा खांब किंवा तुळई असणार. (फ्लाय ॲशच्या, म्हणजे कोळशाच्या राखेच्या, विटेची पूडही करडीच असते, तेथे हाताला जाणवणाऱ्या जोरावरूनच ओळखावे लागते.) बिट एकदम आत पडले तर वीट पोकळ आहे. पांढरी, भुसभुशीत पूड एएसी, म्हणजे हवेची छिद्रे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ब्लॉकची. त्याच्या गिट्ट्या (स्क्रू धरून ठेवण्यासाठी भोकात ठोकायच्या खुंट्या) वेगळ्या मिळतात, त्याच घ्याव्यात.

९० सेंमी रुंद, ६५ सेंमी उंच आणि ३० सेंमी खोल असे १८ मिमी प्लायचे कपाट रिकामे असतानाच सुमारे २५ किलो भरते. त्यात स्टीलचे डबे आणि डाळी-कडधान्ये गेली की एकूण वजन सहज ७५ किलोंवर जाते. हे वजन भिंतीपासून सरासरी १५ सेंमी पुढे असल्यामुळे कपाट खालच्या कडेवर टेकून वरून पुढे कलू पाहते, आणि वरच्या स्क्रूंना बाहेर ओढणारा जोर साधारण १७ किलोंचा होतो. हा जोर फार नाही, परंतु तो रोज, वर्षानुवर्षे टिकून राहतो, आणि गिलाव्यातच अडकलेली गिट्टी उपटायला तेवढाही पुरतो.

भरीव विटेसाठी नायलॉनची १० मिमी गिट्टी आणि ६ मिमी जाडीचा स्क्रू ही माझ्या मते सर्वांत खात्रीची जोडी आहे. लाकडी गिट्टी वाळून आकसते, म्हणून ती टाळावी. जिप्समचे काम करणाऱ्यांचे काळे स्क्रू ठिसूळ असतात, ते येथे नकोतच. लोखंडी अँकर फास्टनर, म्हणजे आवळल्यावर भोकात फुगणारा बोल्ट, दणकट दिसतो म्हणून अनेक जण त्याचा आग्रह धरतात. पण तो एकाच ठिकाणी जोराने फुगतो आणि वीट, विशेषतः तिच्या कडेजवळ, तडकते. त्याची जागा काँक्रीटमध्ये. पोकळ विटेत जाळीच्या नळीसह केमिकल अँकर, म्हणजे भोकात भरलेल्या रसायनात घट्ट बसणारा बोल्ट, वापरावा.

लांबीचा हिशेब असा: कपाटाच्या पाठीमागची पट्टी १८ मिमी, गिलावा २० मिमी आणि विटेत किमान ५० मिमी, म्हणजे ९० ते १०० मिमीचा स्क्रू, टाइल असेल तर तिची जाडी वेगळी धरावी. स्क्रू या जाड पट्टीतूनच जावा, ६ मिमीच्या पाठीतून नव्हे.

भोक गिट्टीच्याच मापाचे पाडावे आणि त्याची खोली टाइल, गिलावा आणि गिट्टीची लांबी यांच्या बेरजेपेक्षा १० मिमी जास्त ठेवावी. टाइल ड्रिलचा हॅमर (ठोके देण्याची सोय) बंद ठेवून कापावी, विटेतही तो बेताने चालवावा आणि पोकळ विटेत मुळीच नको. पूड फुंकून काढल्यावर गिट्टी इतकी आत ठोकावी, की तिचे तोंड टाइल आणि गिलावा ओलांडून विटेत जाईल; टाइलमध्येच फुगलेली गिट्टी टाइल फोडते. स्क्रू शेवटच्या काही वळशांत चांगला जड गेला पाहिजे. गिट्टीच सोबत फिरू लागली, तर तिच्या बाजूला काड्या कोंबून वेळ मारून न नेता १२ मिमीची गिट्टी आणि तिच्या मापाचा स्क्रू घ्यावा, किंवा सरळ शेजारच्या विटेत नवे भोक पाडावे.