कंपनीच्या पत्राची वाट पाहू नका: गाडीच्या ‘रिकॉल’बाबत गावाकडे होणाऱ्या चुका

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी गाड्यांच्या कागदपत्रांचे काम करतो: विमा, पासिंग, नावांतर, कर्ज फिटल्यावर एचपी (गाडीच्या कागदांवरची कर्जाची नोंद) उतरवणे. दोन वर्षांपूर्वी सवारी गाडी चालवणारा एक ओळखीचा चालक भर दुपारी घाबऱ्याघुबऱ्या आला. आठ दिवसांपूर्वी त्याला शोरूममधून फोन आला होता आणि त्या फोनमधले ‘तुमची गाडी कंपनीने परत बोलावली आहे’ एवढेच वाक्य त्याला नीट ऐकू आले होते. कापसाचे पैसे हाती न आल्यामुळे त्याचे दोन हप्ते थकलेले होते; त्यामुळे फायनान्सवाले गाडी ओढून नेणार असा अर्थ त्याने काढला आणि गाडी सासरवाडीला नेऊन गोठ्यामागे कुटाराच्या ढिगाआड उभी केली. “मले वाटलं, नेलीच आता गाडी,” तो म्हणाला. प्रत्यक्षात एक सुटा भाग तपासून बदलायचा होता. काम दीड तासाचे, खर्च शून्य, आणि गाडी त्याच संध्याकाळी त्याच्याच हाती परत मिळणार होती. आठ दिवसांची कमाई मात्र बुडाली ती बुडालीच.

वर्तमानपत्रे ‘कंपनीने गाड्या परत मागवल्या’ असे छापतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. रिकॉल म्हणजे गाडी काढून घेणे नव्हे. ठरावीक काळात तयार झालेल्या गाड्यांच्या एखाद्या भागात सुरक्षिततेला धोका पोहोचवणारा दोष असल्याची शंका आली, की कंपनी त्या गाड्या तपासणीसाठी बोलावते आणि सदोष भाग स्वतःच्या खर्चाने बदलून देते. आपल्याकडे वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने यासाठी जुलै २०१२ मध्ये ऐच्छिक आचारसंहिता आणली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी सरकार आता सक्तीने रिकॉलचा आदेश देऊ शकते आणि दंडाची रक्कम १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत जाते. वॉरंटीशी याचा काहीही संबंध नाही. वॉरंटी संपली म्हणून रिकॉलचे पैसे मागितले गेले, तर ते देऊ नयेत.

पत्राची वाट पाहणे

माझ्या पाहण्यातली सर्वांत मोठी चूक हीच आहे. कंपनीचे पत्र, मेसेज किंवा फोन तिच्या नोंदीत ज्याचे नाव आणि नंबर आहे, त्याच्याकडे जातो. आणि आपल्या भागात गाडी चालवणारा माणूस व नोंदीतला माणूस एकच असेल याची खात्री फार थोड्या वेळा देता येते. नागपुरात घेतलेली गाडी तीन वर्षांनी वणीला विकली जाते, तिथून पांढरकवड्याला जाते, आणि प्रत्येक व्यवहार स्टँप पेपरवर सह्या करून ‘नावावर नंतर करू’ या बोलीवर थांबतो. सूचना जाते नागपूरच्या पहिल्या मालकाला, जो ती वाचून सोडून देतो, कारण गाडी त्याच्याकडे नाही. कर्ज मिळावे म्हणून मेव्हण्याच्या नावावर घेतलेल्या गाड्या आहेत. फॉर्म भरताना एजंटाने स्वतःचाच मोबाईल नंबर टाकून दिला, असेही प्रकार आहेत. (आमच्या व्यवसायाची ही वाईट खोड आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही.)

गाडी विकली की राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओकडे कळवायचे असते; त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० आहेत. पत्ता बदलल्यास फॉर्म ३३ आहे आणि त्यालाही ३० दिवसांचीच मुदत आहे. मात्र एवढ्याने काम संपले असे समजू नये. आरटीओचे दप्तर वेगळे आणि कंपनीची ग्राहकयादी वेगळी. म्हणून जुनी गाडी घेतल्यावर जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून चेसिस नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला तिचा स्वतंत्र क्रमांक) सांगावा, आपले नाव व मोबाईल नोंदवून घ्यायला लावावे आणि त्याच फोनवर ‘या नंबरवर कोणता रिकॉल बाकी आहे का’ हेही विचारावे. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर हा नंबर टाकून स्वतःलाही पाहता येते. वर्षातून दोनदा, विमा भरताना आणि पोळ्याच्या आसपास, एवढे केले तरी पत्र न आल्याने फारसे बिघडत नाही.

चेसिस नंबर चुकीचा वाचणे

शोधायचे ते चेसिस नंबरने. एमएच-२९ किंवा एमएच-३४ ने सुरू होणाऱ्या नंबर प्लेटवरच्या क्रमांकाने बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. लोक घाईत इंजिन नंबर टाकतात, ‘आपली गाडी यात नाही’ असे वाचतात आणि निश्चिंत होतात. चेसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो, मोजून पाहावा. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच वापरली जात नाहीत, त्यामुळे गोल दिसले ते शून्य आणि उभी रेघ दिसली तो एक, हे डोळे मिटून धरावे. पाच आणि एस, आठ आणि बी यांची गल्लत मात्र होतेच.

आरसीवरचे अक्षर पुसट झाले असेल तर गाडीवर कोरलेला नंबर पाहावा. मोटारसायकलचा हा नंबर हँडलखालच्या नळीवर असतो आणि काळ्या मातीचा जो थर तिथे बसतो, तो नखाने निघत नाही. चिंधीवर थोडे रॉकेल किंवा डिझेल घेऊन तो भाग पुसावा, कोरडा करावा, वर पातळ कोरा कागद धरावा आणि शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासावी. नंबर कागदावर उमटतो. पासिंगच्या वेळी चेसिसचा ठसा घेण्याची हीच जुनी पद्धत आहे. तो कागद आरसीच्या पाकिटात ठेवून द्यावा, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा चिखल काढावा लागत नाही.

खरेदीची तारीख धरणे

रिकॉलमध्ये मोजली जाते ती गाडी तयार झाल्याची तारीख. विकत घेतल्याची किंवा नोंदणीची नव्हे. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने इको आणि एस-प्रेसो मिळून ८७,५९९ गाड्या बोलावल्या. स्टिअरिंगच्या टाय रॉडमध्ये दोषाची शक्यता होती; तो क्वचित तुटू शकतो आणि तसे झाल्यास गाडी वळवण्यावर परिणाम होतो, असे कंपनीने सांगितले होते. या गाड्या ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात तयार झालेल्या होत्या. आता २२ मार्च २०२३ ला, म्हणजे त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला, इको घेतलेला माणूस म्हणणार की माझी गाडी मार्चची आहे, माझा संबंध नाही. परंतु पाडव्याला दारात आलेली गाडी कारखान्यातून जानेवारीतच निघालेली असू शकते. उत्पादनाचा महिना आरसीवर छापलेला असतो आणि तोच पाहावा. शिवाय तारखेच्या पट्ट्यात बसणारी प्रत्येक गाडी सदोष असतेच असेही नाही, म्हणून शेवटचे उत्तर चेसिस नंबरच देतो. व्हॉट्सॲपवर दोन-तीन वर्षांपूर्वीची बातमी आजची म्हणून फिरत असते, तिलाही हीच कसोटी लावावी.

‘गाडी तं मस्त चालून राह्यली’

हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो, आणि ते खोटे नसते. रिकॉलमधले कित्येक दोष असे असतात की ते प्रसंग येईपर्यंत दिसत नाहीत. एअरबॅगचे उदाहरण घ्या. जपानच्या टकाटा कंपनीच्या एअरबॅगमध्ये बॅग फुगवण्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरलेले होते. उष्णता आणि दमटपणा यांच्या चढउतारांनी ते वर्षानुवर्षे खराब होत जाते, आणि मग अपघाताच्या क्षणी बॅग फुगवणारी धातूची डबी जास्त दाबाने फुटून तिचे तुकडे माणसाच्या अंगावर येतात. जगभर कोट्यवधी एअरबॅग यासाठी बदलाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये टकाटाने दिवाळखोरी जाहीर केली. भारतात होंडाने याच कारणासाठी सिटी, सिव्हिक, अकॉर्ड अशा जुन्या मोटारी अनेक टप्प्यांत बोलावल्या. स्वस्तात मिळते म्हणून मुंबईकडची जुनी मोटार आणणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. अशी गाडी किनाऱ्यावरच्या दमट हवेत वर्षे काढून येते आणि मग आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात उघड्यावर उभी राहते. चालवताना मात्र तिच्यात काहीही खोट जाणवत नाही.

दुचाकीवाल्यांना वाटते की हे सारे मोटारवाल्यांचे आहे. तेही खरे नाही. मे २०२१ मध्ये रॉयल एनफील्डने इग्निशन कॉइलच्या दोषामुळे २,३६,९६६ मोटारसायकली बोलावल्या होत्या. त्या दोषाने इंजिन मिसफायर होऊ शकत होते आणि क्वचित शॉर्टसर्किटचीही शक्यता होती. २०२२ मध्ये विजेच्या स्कूटरना आगी लागल्यानंतर ओलाने १,४४१ आणि ओकिनावाने ३,२१५ स्कूटर तपासणीसाठी बोलावल्या.

सूचनेतली अट न वाचणे

सूचना पूर्ण वाचावी, कारण दोन रिकॉल सारखे नसतात. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने १७,३६२ गाड्यांच्या एअरबॅग कंट्रोलरसाठी सूचना काढली, तेव्हा तो भाग बदलेपर्यंत गाडी चालवूच नका असे सांगितले होते. अशा वेळी ‘बाजाराच्या दिवसानंतर पाहू’ म्हणणे धोक्याचे. उलट सप्टेंबर २०२१ मधील १,८१,७५४ पेट्रोल गाड्यांच्या सूचनेत गाडी वापरण्यास मनाई नव्हती. मात्र पाणी साचलेल्या रस्त्यावरून जाऊ नका आणि विजेच्या भागांवर थेट पाण्याचा मारा करू नका, असे स्पष्ट म्हटले होते. पावसाळ्यात नाल्याच्या रपट्यावरून गाडी काढणारे आणि परतल्यावर वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडून प्रेशरने इंजिन धुऊन घेणारे आपण, ही एक ओळ वाचली नाही तर नेमके तेच करणार.

गावच्या मिस्त्रीकडून ‘करून घेणे’

सर्व्हिस सेंटर साठ-सत्तर किलोमीटरवर असते आणि एक दिवसाच्या फेऱ्या बुडतात, ही अडचण खरी आहे. म्हणून मिस्त्रीला सांगून भाग बदलून घेतला जातो. मिस्त्री कितीही कसबी असला तरी बाजारातून येणारा भाग त्याच सदोष खेपेतला नाही, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. आणि कंपनीच्या नोंदीत रिकॉल बाकीच राहतो. त्यापेक्षा आधी फोन करून भाग आला आहे का ते विचारावे, वेळ ठरवावी आणि मगच निघावे. भाग न विचारता निघालेले लोक दोन चकरा मारतात आणि नंतर संपूर्ण रिकॉललाच नावे ठेवतात.

काम झाल्यावर जॉब कार्ड (केलेल्या कामाची सर्व्हिस सेंटरची लेखी नोंद) मागून घ्यावे. त्यावर रिकॉलचा उल्लेख, बदललेला भाग आणि त्यापुढे शून्य रक्कम हवी. ‘सोबत सर्व्हिसिंगही करून घ्या’ असा आग्रह झाला तर ती वेगळी बाब आहे आणि नाही म्हणण्याचा पूर्ण अधिकार आपल्याला आहे. रिकॉलच्या नावाने ओटीपी किंवा आगाऊ रक्कम मागणारा फोन आला, तर तो फसवणुकीचा समजून ठेवून द्यावा आणि सर्व्हिस सेंटरच्या नंबरवर आपण स्वतः फोन करावा.

तक्रार पानठेल्यावरच ठेवणे

एकाच मॉडेलच्या चार गाड्यांचे ब्रेक एकाच प्रकारे दगा देतात. चौघेही चालक त्याबद्दल पानठेल्यावर बोलतात आणि लेखी मात्र कोणीच देत नाही. सरकारी नियमांत सक्तीचा रिकॉल सुरू होण्याची एक वाट म्हणजे त्या मॉडेलच्या विक्रीच्या प्रमाणात ठरलेल्या संख्येइतक्या मालकांच्या तक्रारी. त्यासाठी केंद्राच्या ‘वाहन’ पोर्टलवर रिकॉलची स्वतंत्र सोय आहे. चौघांनी चार तक्रारी केल्या तर त्या चार मोजल्या जातात; बोललेले मोजले जात नाही. तक्रारीत दोष केव्हा, किती वेगाला, चढावर की उतारावर, गाडी भरलेली की रिकामी असताना दिसला, हे लिहावे आणि मोबाईलवर चित्रफीत काढून ठेवावी.

सर्व्हिस सेंटर टाळाटाळ करू लागले तर आधी कंपनीला लेखी कळवावे, नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार द्यावी. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. गाडीसाठी दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही. सवारी गाडीवाल्यांना अनेकदा सांगितले जाते की धंद्याची गाडी असल्याने तुम्ही ग्राहक नाहीच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः चालवली जाणारी गाडी व्यावसायिक हेतूची धरली जात नाही. हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावे आणि सोबत चेसिस नंबरचा तो पेन्सिलने घेतलेला ठसा, आरसीची प्रत आणि जॉब कार्ड जोडावे.