पालकांना शिकवायला बोलवा: सोलापूरच्या हायस्कुलांसाठी

सोलापूरच्या पूर्व भागात एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी आठवी-नववीला गणित शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, कन्नड बोलतात, दखनी बोलतात, मराठी बोलतात; तांड्यावरून येणाऱ्यांच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा. मुलं या भाषांमधून सहज ये-जा करतात. पालक मात्र शाळेच्या फाटकाशी आले की गप्प होतात. पालकसभेत मागच्या बाकावर बसतात, रजिस्टरवर सही करतात, निघून जातात. यावर शाळा वर्षातून एकदा वेशभूषेचा कार्यक्रम घेतात. मुलं नटतात, मजा येते, त्याला माझी हरकत नाही. पण त्या दिवशीही आईवडील टाळ्या वाजवायलाच असतात. पालकांना जे येतं ते त्यांनी वर्गात येऊन शिकवावं आणि त्याची सोय शाळेनं करावी, असं माझं ठाम मत आहे. ती सोय कशी करायची ते लिहिते.

सुरुवात जूनमध्येच करा. वर्गशिक्षकानं प्रत्येक मुलाकडून अर्ध्या पानाचा कागद भरून घ्यावा. घरी कोणती भाषा बोलतात, आईवडील किती वाजता मोकळे असतात, घरात कोणाला काय चांगलं येतं, एवढंच विचारायचं. जातधर्म विचारू नका. तिसऱ्या प्रश्नापुढे निम्मी घरं ‘काही नाही’ लिहितात. तिथं थांबायचं नाही. मुलाला बाजूला घेऊन विचारायचं, ‘तुझ्या आजीसारखं कुणालाच जमत नाही असं काय आहे?’ मग मुलं बोलायला लागतात. आजी नवरात्रात बत्तुकम्मा, म्हणजे फुलांची उतरंड, रचते. मामा गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या जत्रेत, नंदीध्वजाची उंच काठी पेलतात. अब्बू मोहरमचे पंजे सजवतात. चुलता हलगी वाजवतो. आई जात्यावरच्या ओव्या म्हणते. हे सगळं वहीत उतरवून ठेवा. वर्षभराचं नियोजन या वहीतूनच करायचं आहे.

वेळेचं गणित नीट सांभाळा, कारण बहुतेक सभा तिथंच फसतात. दुपारी तीनची सभा शिक्षकांना सोयीची, पालकांना नाही. विडी वळणाऱ्या बाया सकाळी कारखान्यात विड्या देऊन पान-तंबाखू घेऊन येतात आणि मग दिवसभर सुपापुढून उठत नाहीत. यंत्रमागावरच्या माणसाची पाळी असते, खाडा केला की मजुरी बुडते. आणि ज्या दिवशी नळाला पाणी येणार त्या दिवशी तर सोलापुरात कुठलीही बाई घर सोडणार नाही! आपल्याकडे पाणी रोज येत नाही, हे शाळेनं वेळापत्रक करतानाच धरून चालावं. कोणत्या नगराला कधी पाणी आहे हे मुलांना पाठ असतं. त्यांना विचारून तारीख ठरवा. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळेला सभा लावू नका. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुलं आजी-आजोबांपाशी असतात. तिथं आजीला सन्मानानं पालक म्हणूनच बोलवायचं आणि संध्याकाळी कोयत्यावर गेलेल्या आईबापांना फोन लावायचा.

निमंत्रण छापील नको. मुलांनी आपापल्या घरच्या भाषेत आवाजी निरोप रेकॉर्ड करावा आणि तो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावा. पुष्कळ घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते पण वाचता येत नाही, त्यामुळे चिठ्ठीपेक्षा आवाज पोचतो. सभेत दुभाषा लागला तर दुसऱ्या एखाद्या पालकाला सांगा. ज्याच्या मार्कांबद्दल बोलायचं त्याच मुलाला मध्ये उभं करून भाषांतर करायला लावणं मला अजिबात पटत नाही. ते पोर काय सांगेल आणि काय गाळेल, आणि मुख्य म्हणजे आईबाप आपल्याच लेकरापुढे खाली मान घालून बसतात.

आता प्रत्यक्ष वर्गात काय होतं, त्याचं एक उदाहरण. आठवीतल्या एका मुलीचे वडील चादरीच्या कारखान्यात जेकार्ड मागावर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, काम करतात. ‘मॅडम, मला काय येतंय सांगायला?’ असं तीनदा म्हणून ते आले. पिशवीतून दोऱ्यांनी ओवलेली पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ काढली आणि खिडकीपाशी उजेडाला धरली. भोकांतून आलेल्या उन्हाचे ठिपके फरशीवर पडले. ते सांगू लागले: एक कार्ड म्हणजे एक आडवा धागा. जिथं भोक आहे तिथला हूक उचलतो आणि त्याच्याबरोबर उभा धागा वर जातो. भोक नाही तिथं धागा खालीच राहतो. आडवा धागा मधून गेला की पुढचं कार्ड. अशी कार्डं एकामागून एक फिरली की चादरीवर मोर उमटतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा ओरडला, ‘मॅडम, हे तर शून्य आणि एक आहे की!’ कॉम्प्युटरच्या तासाला जे डोक्यावरून गेलं होतं ते त्याला त्या पुठ्ठ्यात दिसलं. मग आम्ही आलेखाच्या कागदावर चौकटी रंगवून नक्षी केली. काकांनी ती तपासली आणि एका ओळीत सलग फार चौकटी रंगवल्या तर धागा लोंबकळेल म्हणून दोघांना परत करायला लावली. ज्या मुलीचे ते वडील, ती त्या दिवसापासून गृहपाठ दाखवायला पुढे यायला लागली.

असा तास ठेवताना तीन गोष्टी पाळा. पालकांशी आधी पंधरा मिनिटं बसून काय दाखवायचं ते ठरवा, नाहीतर ते घाबरून भाषण करतात. तास विषयाला जोडा. नुसता ‘ओळख’ कार्यक्रम झाला तर मुलं पाहुणे बघितल्यासारखी बघतात. आणि मुलाला आधी विचारा. आई विडी वळते हे मित्रांना कळू नये असं वाटणारी मुलं आहेत, त्यांच्या मनाविरुद्ध काही करायचं नाही. एका आईनं आपणहून सूप आणलं होतं, पण तंबाखू शाळेत येणार नाही असं आम्ही आधीच ठरवलं होतं. तिनं पत्र्याच्या मापावर पानं ठेवून कात्रीनं कशी कापतात तेवढंच दाखवलं. दिवसाला हजार विड्या वळायच्या तर एका विडीला किती सेकंद, हे गणित मुलांनी केलं आणि वर्ग बराच वेळ गप्प होता.

खाण्याचा विषय नाजूक, पण टाळायचं कारण नाही. आमच्याकडे लिंगायत आणि जैन घरं कडक शाकाहारी, शिवाय काही घरांत कांदा-लसूणही नको. म्हणून शेंगाचटणी घ्या. सोलापुरात ती प्रत्येक घरात होते आणि प्रत्येक घराची वेगळी असते: कुणी उखळात तेल सुटेपर्यंत कुटतं, कुणी जाडसर ठेवतं, कुणाच्या घरी लसूण नाही. कडक भाकरीबरोबर मांडा आणि प्रत्येक वाटीपुढे कशात काय आहे त्याची चिठ्ठी ठेवा. चव बघायच्या आधी मुलांनी ती चिठ्ठी वाचायची.

वर्षाचा मोठा कार्यक्रम करायचा तर सोलापूरला १२ जानेवारीइतका योग्य दिवस दुसरा नाही. १९३० च्या मे महिन्यात या शहरात इंग्रजांनी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, पुकारला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना एकत्र फाशी दिलं. ही चार नावं फळ्यावर एकाखाली एक लिहा. एकी समजवायला वेगळं भाषण लागत नाही. दुसऱ्याच दिवशी गड्ड्याची धामधूम असते, तेव्हा पालकांचा कार्यक्रम आधीच्या शनिवारी ठेवा आणि प्रदर्शन १२ तारखेपर्यंत लावून ठेवा. प्रदर्शनासाठी मुलांनी आजी-आजोबांना एकच प्रश्न विचारून यायचं: आपलं घर सोलापुरात कसं आलं? कुणी तेलंगणातून मागावर काम करायला आलं, कुणी गिरणीसाठी, कुणी दुष्काळात गाव सोडून. उत्तर घरच्या भाषेत लिहायचं, लिपी देवनागरी चालेल, आणि खाली मराठीत. आजी-आजोबांनी आपल्या कागदाशेजारी खुर्ची टाकून बसायचं म्हणजे वाचणाऱ्याला पुढचं विचारता येतं.

अभ्यासातही पालक हात लावू शकतात, आणि त्यासाठी पैसा लागत नाही. बालभारतीची पुस्तकं आठ माध्यमांत निघतात. त्यांत तेलुगू, कन्नड आणि उर्दूही आहेत, आणि ती इंटरनेटवर मोफत उतरवून घेता येतात. ज्या घरात आईला तेलुगू वाचता येतं तिला विज्ञानाचा तोच धडा तेलुगूत पाठवा. ती घरी वाचते, मूल मराठीत उत्तर लिहितं.

समित्यांबद्दल थोडक्यात. शिक्षण हक्क कायद्यानं २००९ मध्ये शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं सांगितलं आहे. कागदावर ते बहुधा असतंच. नववी-दहावीच्या पालक-शिक्षक संघातही हेच प्रमाण ठेवा आणि नावं निवडताना जूनमधली वही उघडा: दर खेपेला तेच बोलके चार पालक नकोत. पहिल्या बैठकीत प्रत्येकाला एक काम द्या. पाण्याच्या दिवसांचा तक्ता एकाकडे, आवाजी निरोप एका आईकडे, दुभाष्यांची यादी तिसऱ्याकडे.

तास घेऊन गेलेल्या पालकाला आठ दिवसांच्या आत फोटो आणि मुलांनी लिहिलेली चार वाक्यं पोचली पाहिजेत. आणि एप्रिलमध्ये ती वही कपाटात न ठेवता पुढच्या वर्गशिक्षकाच्या हातात द्या. कोण काय शिकवून गेलं, कोण येतो म्हणून यायचं राहिलं, हे नावापुढे लिहून.