मीटिंग रूमसाठी वायरलेस स्क्रीन शेअरिंग कसं निवडावं

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतला कारखाना असो, विश्रामबागेतली सीएची कचेरी असो की तासगावातली बेदाण्याची पेढी, मीटिंग रूममधलं दृश्य ठरलेलं. टीव्ही पंचावन्न इंची, भिंतीवर झकास बसवलेला. खाली एचडीएमआयची केबल लोंबतेय आणि पाहुण्याच्या लॅपटॉपला लागणारा नेमका तोच कन्व्हर्टर कुणीतरी घरी नेलेला. मग कुणीतरी म्हणतं, 'वायरलेसच बसवून टाकू.' दुकानात चौकशी केली की काही हजारांचं डोंगलही समोर येतं आणि लाखाच्या वरचा डबाही. विकणारा दोन्हींना 'वायरलेस प्रेझेंटेशन सिस्टीम'च म्हणतो. यातलं आपल्याला कुठलं लागेल, ते दुकानात कळत नाही. ते आपल्याच ऑफिसात ठरवून जायचं असतं.

आधी माणसं मोजा

गेल्या महिन्यात त्या खोलीत कोण कोण बसलं आणि त्यांच्या हातात काय होतं, ते कागदावर लिहून काढा. आपला स्टाफ बहुतेक विंडोजवर असतो. हळदीचा मुंबईचा खरेदीदार मॅकबुक घेऊन येतो. सीए साहेबांचा लॅपटॉप विंडोजचा, पण मोबाइल आयफोन. चेअरमन साहेब लॅपटॉप उघडतच नाहीत. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो मोठा करून दाखवायचा असतो. पुढची सगळी निवड या कागदावर ठरते, कारण बिनतारी स्क्रीन दाखवण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत आणि त्या एकमेकींना ओळखत नाहीत.

पहिली मिराकास्ट. वाय-फाय अलायन्सने ती २०१२ मध्ये आणली. विंडोज ८.१ आणि त्यापुढच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती असतेच: विंडोजचं बटण धरून 'के' दाबा, जवळच्या टीव्हींची यादी उघडते. लॅपटॉप टीव्हीशी थेट बोलतो, त्यामुळे राउटर नसला तरी चालतं. दुसरी एअरप्ले, ती अ‍ॅपलची. आयफोन आणि मॅकला मिराकास्ट चालत नाही, त्यांना एअरप्लेच हवं. तिसरी गूगल कास्ट: क्रोम ब्राउझर आणि अँड्रॉइड फोनसाठी. अँड्रॉइडमध्येही सरसकट एक नियम नाही. सॅमसंगच्या फोनमधलं 'स्मार्ट व्ह्यू' मिराकास्टला जोडतं, गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये मात्र मिराकास्ट नाही.

तुमच्या कागदावर फक्त विंडोज असेल आणि टीव्हीतच मिराकास्ट असेल, तर एक रुपयाही खर्च करू नका. आधी विंडोज-के दाबून बघा. वेगवेगळी माणसं येत असतील, तर तिन्ही पद्धती एकत्र घेणारा रिसीव्हर, म्हणजे टीव्हीला जोडायचा डबा, घ्या. 'सगळं चालतं' या विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका, तिन्हींची नावं कोटेशनमध्ये लिहून घ्या.

बाहेरचे लोक सतत येत असतील, तर बटणवाली सिस्टीम बघावी. बार्कोचं क्लिकशेअर, बेनक्यूचं इन्स्टाशो ही त्यातली ओळखीची नावं. लॅपटॉपला छोटं यंत्र लावायचं, बटण दाबायचं, स्क्रीन टीव्हीवर. पाहुण्याला आपल्या वाय-फायचा पासवर्ड द्यावा लागत नाही, ही यातली खरी सोय. दोन गोष्टी मात्र आधी विचारा. बटण लावल्यावर लॅपटॉपमध्ये एखादा प्रोग्रॅम चालवावा लागतो का? मोठ्या कंपन्यांच्या लॅपटॉपवर बऱ्याचदा यूएसबी बंद केलेलं असतं, तिथं तो चालणारच नाही. आणि टाइप-सीचं बटण असेल तर त्याला पोर्टमधून चित्र बाहेर यावं लागतं का? दिसायला सारखे असले तरी सगळे टाइप-सी पोर्ट चित्र बाहेर देत नाहीत. बरेचसे फक्त चार्जिंग आणि डेटापुरते असतात.

मग वाय-फाय तपासा, इथंच बहुतेकांचं घोडं अडतं

महागडा डबा आणला, टीव्हीला लावला, आणि फोनच्या यादीत तो दिसतच नाही. डबा बिघडलेला नसतो. एअरप्ले आणि गूगल कास्ट यांना सहसा फोन आणि टीव्ही एकाच नेटवर्कवर लागतात. फोन 'इथं कुणी टीव्ही आहे का?' अशी हाळी देतो, टीव्ही ओ देतो. ही हाळी, तांत्रिक भाषेत एमडीएनएस, राउटर ओलांडून पलीकडच्या नेटवर्कात जात नाही. पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय केलं असेल आणि टीव्ही ऑफिसच्या वाय-फायवर असेल, तर दोघांची गाठ पडणार नाही. आणखी एक गंमत म्हणजे 'क्लायंट आयसोलेशन'. गेस्ट वाय-फायवर हे सेटिंग बहुधा चालू असतं. त्यामुळे एकाच वाय-फायवर असूनही दोन यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, तेव्हा टीव्ही दिसावा म्हणून ते बंद करायला सांगू नका.

नेटवर्क बघणाऱ्या माणसाला बोलवा आणि सरळ विचारा: 'एमडीएनएसची हाळी गेस्टकडून टीव्हीपर्यंत नेता येईल का? पोर्ट ५३५३.' मिराकास्ट ऑफिसच्या नेटवर्कवरून चालवायचं असेल, तर ७२५० हा पोर्टही (नेटवर्कमधला दरवाजा) मोकळा लागतो. तो गोंधळला, तर ज्या रिसीव्हरला दोन नेटवर्कांशी वेगवेगळं जोडता येतं असाच घ्या: एका बाजूला ऑफिस, दुसऱ्या बाजूला पाहुणे. पण त्या डब्यातून पाहुणा तुमच्या टॅलीच्या सर्व्हरपर्यंत पोचणार नाही, हेही त्याच बैठकीत लिहून घ्या.

रिसीव्हर शक्यतो लॅन केबलने नेटवर्कच्या स्विचला जोडा. वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. २.४ वर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. शेजारच्या ऑफिसांचे राउटर, ब्लूटूथ आणि पँट्रीतला मायक्रोवेव्ह सगळे त्याच भागात गर्दी करतात. मात्र ५ गिगाहर्ट्झला जाड भिंत सोसत नाही, म्हणून अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारं यंत्र, त्याच खोलीत असलेला बरा.

डेमो आपल्याच खोलीत घ्या

विक्रेत्याच्या शोरूममधला डेमो बघून मत बनवू नका. तिथं एक लॅपटॉप, एक टीव्ही आणि मोकळं वाय-फाय असतं. आपल्या खोलीत, आपल्या फायलींवर तास-दीड तास चालवून बघा. पीपीटी कुठल्याही डब्यावर चालते. बारीक आकड्यांचं एक्सेल लावा, शेवटच्या खुर्चीवरून आकडे वाचता येतात का बघा. पंपाच्या सुट्या भागांचं किंवा कास्टिंगचं ड्रॉइंग उघडून फिरवा. हात हलल्यावर चित्र किती मागून येतं ते तिथं कळतं. आवाजासह एक व्हिडिओ लावा. ओटीटीवरचा सिनेमा काळा पडला तर घाबरू नका, तो कॉपी-संरक्षणाचा परिणाम आहे. मग मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करा. लाइट गेल्यावर जो डबा कुणी हात लावल्याशिवाय उठत नाही, तो आपल्याकडे त्रास देणार. आणि डेमोला एक तरी बाहेरचा माणूस, त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपसह बोलवा.

त्याच वेळी पिनही तपासा. दर वेळी टीव्हीवर नवा आकडा यायला हवा, नाहीतर खालच्या मजल्यावरचं ऑफिस चुकून तुमच्या बैठकीत घुसेल. स्टाफला विंडोज-पी शिकवा: 'एक्स्टेंड' निवडलं की टीव्हीवर फक्त ओढून नेलेली खिडकी दिसते. 'डुप्लिकेट'वर ठेवलं, तर पगाराच्या चर्चेत पगारपत्रकच सगळ्यांसमोर उघडतं.

झूम-टीम्सच्या मीटिंगही तिथंच होणार असतील, तर खोलीतला कॅमेरा-माइक बिनतारी लॅपटॉपला मिळतो का, हे वेगळं विचारा. नुसती स्क्रीन दाखवणाऱ्या डब्यात ते नसतं.

पैसे देण्याआधी

किंमत एकदाच द्यायची की दरवर्षी परवान्याचे पैसे भरायचे? अपडेट किती वर्षं मिळणार? बिघडलं तर सांगलीत कोण येणार, की डबा पुण्याला पाठवायचा? हे प्रश्न किरकोळ नाहीत. क्रोमकास्टचं उत्पादन गूगलने २०२४ मध्ये थांबवलं, आणि मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट यंत्रं जगभर एकाएकी जोडेनाशी झाली. आतल्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली होती. गूगलने अपडेट पाठवला तेव्हा ती सुरू झाली. यंत्र धडधाकट असूनही असं होऊ शकतं, म्हणून अपडेटची वर्षं बिलावर लिहून घ्यावीत. बटणवाली सिस्टीम घेतलीत तर एक जादा बटण त्याच ऑर्डरमध्ये घ्या. बटण कुणाच्या ना कुणाच्या बॅगेतून जातंच.

बसवून झाल्यावर रिसीव्हरचं नाव बदलून 'मीटिंग रूम पहिला मजला' असं सरळ ठेवा, कारखान्यातून आलेला लांबलचक कोड पाहुण्याला ओळखू येत नाही. अ‍ॅडमिनचा मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदला आणि नवा पासवर्ड पाकिटात घालून अकाउंट्सकडे द्या. बसवणारा माणूस दोन वर्षांनी त्याच नंबरवर सापडेल याची खात्री नसते.